ओदिलानं अडवून ठेवलेले जॉ

रोझारिओ शहराकडच्या आमच्या आर्मस्ट्राँग गावात लेथचे चक दुरुस्त करून मिळायची एकच जागा होती, आणि ती एका बाईची होती. ओदिला जिराउदो. रुळांपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं वर्कशॉप होतं, आणि त्याला लागूनच घर. गावात पेरणीयंत्रं आणि नांगर बनवणारे लहानमोठे कारखाने, प्रत्येक कारखान्यात लेथ, आणि प्रत्येक लेथच्या तोंडाशी चक. चक म्हणजे जड पोलादी थाळा. त्यात तीन जॉ असतात. बाजूच्या भोकात चावी घालून फिरवली की तिन्ही जॉ एकदम आत सरकतात आणि लोखंडाचा तुकडा घट्ट धरतात. मग तो तुकडा गरागरा फिरतो आणि टर्नर त्याला आकार देतो. मी टर्नर नाही. हे सगळं मला तिचा भाऊ रेमो यानं सांगितलं, आमचं लग्न ठरलं होतं त्या वर्षी.

चकात चुरा अडकला, दात झिजले, पकड वाकडी झाली की लोक चक हातगाडीवर घालून ओदिलाकडे आणायचे. ती तो उघडायची, रॉकेलमध्ये धुवायची, आतली चक्राकार खाच बोटानं चाचपायची. जॉवर एक, दोन, तीन असे आकडे ठोकलेले असतात. ज्या त्या जॉनं ज्याच्या त्याच्या खाचेत आणि त्याच क्रमानं जायचं असतं. कुणी घाईत उलटसुलट घालून आणले की ती म्हणायची, "सकाळी बूट तरी नीट पायात घालता ना रे?" मोठमोठे फोरमन तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे राहायचे.

तिची आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि रेमो दोन वर्षांचा. बाप वर्कशॉपमध्ये. त्यामुळे पोर कडेवर घेऊन मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळणं, शाळा सोडणं, हे सगळं तिच्याकडे आलं. पुढे बापाच्या छातीत धूळ बसली आणि तोही गेला, तेव्हा ग्राइंडरही तिच्याकडे आला. तिनं लग्न केलं नाही. एक सोयाबीनवाला तीन वर्षं मागे होता म्हणतात, पण त्यानं रेमोला बोर्डिंगात ठेवायचं सुचवलं, आणि त्यानंतर तो त्या रस्त्याला फिरकला नाही.

रेमो तिला "म्हातारे" म्हणायचा. आमच्याकडे आईला लाडानं असंच म्हणतात. ती त्याला "बाळ्या" म्हणायची, तेहतीस वर्षांचा झाला तरी, कारखान्यातल्या मित्रांसमोरसुद्धा.

"म्हातारे, लोक हसतात गं."

"हसू देत. तुझं ढुंगण मी धुतलंय, त्यांनी नाही."

मी त्याच पेरणीयंत्रांच्या कारखान्यात, जिथं रेमो टर्नर होता, तिथं ऑफिसात बसायचे. कामाच्या वेळा लिहायच्या, फोन घ्यायचे. रेमो दुपारी ‘माते’चा, म्हणजे आमच्याकडच्या कडवट चहाचा पेला घेऊन खिडकीशी यायचा, एक घोट मला, एक त्याला. सत्तावीस वर्षांची होते मी. एप्रिलमध्ये लग्न होतं. वाद एकाच गोष्टीवरून चालायचा. लग्नानंतर ओदिलाच्या घरात राहायचं असं रेमोचं म्हणणं, आणि मला स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं. ओदिला वाईट वागायची असं नाही. पण रेमोच्या सदऱ्याची इस्त्री कशी करायची हे तिनं मला तीनदा दाखवलं होतं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "कळलं मला, ओदिला." त्या आवाजात जे होतं ते तिनं ऐकलं, आणि मीही ऐकलं.

१९८५चा ऑक्टोबर. पेरणीचे दिवस तोंडावर आले होते. शेतकरी रोज दारात उभे. मोठ्या चाकाच्या नाभी कातायचं काम रेमोच्या लेथवर होतं. ही नाभी, म्हणजे चाकाचा मधला जड भाग, मोठ्या परातीएवढी असते असं समजा. ती साध्या जॉमध्ये मावत नाही. तिच्यासाठी उलटे जॉ लागतात. पायऱ्यापायऱ्यांचे असतात ते. मोठा तुकडा धरूनही स्वतः चकाच्या आत खोलवर राहतात, सगळे दात खाचेत अडकलेले. साध्या जॉनं तेवढा मोठा तुकडा धरायचा तर ते बाहेर काढत काढत अगदी टोकाला आणावे लागतात. मग एखाददुसरा दातच काय तो अडकलेला उरतो.

रेमोचे उलटे जॉ झिजले होते म्हणून मंगळवारी ओदिलाकडे गेले. गुरुवारी मिळायचे होते. गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या घरी जेवायला होते. तिनं मिलानेसा, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवलेले मांसाचे काप, तळले होते. जेवता जेवता तिनं ॲप्रनच्या खिशातून एक जॉ काढून टेबलावर ठेवला, ब्रेडच्या बाजूला.

"हे बघ, बाळ्या. दोन नंबर."

जॉवर खडूची पांढरी भुकटी होती, आणि तिसऱ्या दाताच्या बुडाशी केसाएवढी काळी रेघ. रॉकेल पुसून वर खडू लावला की तड्यातलं रॉकेल वर येतं आणि रेघ दिसते.

"एवढीशी तर आहे," रेमो म्हणाला.

"मोठी झाल्यावर दाखवू का मग? नवा करते. कापायचा, कडक करायचा, घासायचा. सोमवारी देते."

"बारोनी मला कच्चा खाईल. उद्या वीस नाभी हव्यात त्याला." बारोनी आमचा फोरमन.

"बारोनीला सांग, बहिणीनं सांगितलंय. तसाही तो मला घाबरतो."

रेमो हसला. मी त्याच्या ताटात लिंबू पिळलं. त्या जेवणातलं एवढंच मला आठवतं. आणखी काहीतरी बोलणं झालं असेलच की, पण ते कितीही आठवलं तरी येत नाही.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास बारोनी ऑफिसात आला. माझ्या टेबलावर हात टेकवून म्हणाला, "लाव फोन तुझ्या नणंदेला. म्हणावं, तडा असू दे नाहीतर भगदाड असू दे, जॉ आज पाठव."

मी फोन लावला. ओदिला म्हणाली, "नाही. सोमवारी." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ऐक, ग्लादिस. रेमोला जाऊन सांग, मोठी नाभी साध्या जॉनं धरायची नाही. कुणी कितीही बोंबललं तरी. म्हणावं, मी सांगितलंय. तू स्वतः जाऊन सांग हं, चिठ्ठी नको."

"बरं," मी म्हणाले.

फोन ठेवला. बारोनी माझ्याकडे बघत होता.

"काय म्हणाली?"

"सोमवारी."

तो शिवी देऊन बाहेर गेला. मी अंगण ओलांडून लेथच्या शेडमध्ये गेले. रेमोच्या शेजारी दोन टर्नर उभे होते. मी त्याच्या कानाशी ओरडले, कारण तिथं ओरडावंच लागतं, "सोमवारी म्हणाली!"

"अजून काही?"

"नाही."

मी विसरले नव्हते. लोकांना वाटतं की अशा वेळी माणूस विसरतं. मी अंगण ओलांडत असताना माझ्या मनात चाललं होतं: त्याला काम कसं करायचं हेही तीच सांगणार, आणि तेही माझ्या तोंडून. त्या दोघांसमोर ‘बहिणीनं सांगितलंय’ हा निरोप द्यायला मला लाज वाटली. पंधरा वर्षं टर्नर असलेल्या माणसाला हे माहीतच असणार, असंही मनाला सांगितलं. बस, एवढंच. आणि मी ऑफिसात परत आले.

दुपारी तीनच्या आधी शेडमधून एक आवाज आला. मोठा नव्हता. लोखंडी ट्रॉली आपटावी तसा. मग कुणीतरी मेन स्विच पाडला आणि सगळे लेथ हळूहळू थांबत गेले. त्या शेडमध्ये कामाच्या दिवशी तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी धावले. दारातच मला दोघांनी धरलं. बारोनीच्या घाईपायी रेमोनं नाभी साध्या जॉनं धरली होती, आणि वेगात एक जॉ निसटून त्याच्या छातीवर आला होता. दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला.

ओदिलाला कुणी कळवलं मला माहीत नाही. ती सायकलवरून आली तेव्हा हातांना ग्राइंडरची करडी भुकटी तशीच होती. नवा जॉ घासत होती ती.

शनिवारी पुरलं. अख्खा गाव होता. आमच्याकडे शवपेटी दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून विटांनी बंद करतात. पेटी आत सरकवली, गवंडी विटा लावायला लागला, आणि ओदिला माझा हात धरायला पुढे आली. मी हात काढून घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एका केसाएवढ्या रेघेसाठी अडवून ठेवलेस ना जॉ? आता बस घासत!"

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिला माहीत होतं की निरोप माझ्याकडे होता. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं असणार की तो पोचला नाही. एक शब्द बोलली असती तर अख्खा गाव माझ्याकडे वळला असता. ती गवंड्याकडे वळली आणि म्हणाली, "कोपऱ्यातली वीट सरळ बसव."

सोमवारी सकाळी सात वाजता मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. मी का कामावर गेले होते ते विचारू नका, घरी बसवत नव्हतं. ओदिला काळ्या कपड्यात सायकल ढकलत फाटकातून आली. मागच्या कॅरियरला कापडात गुंडाळलेले तीन जॉ बांधलेले. ती शेडमध्ये गेली, रेमोच्या लेथच्या फळीवर ते क्रमानं मांडले. बारोनीनं टोपी काढली, काहीतरी बोलायला गेला. ती त्याला म्हणाली, "उद्या या लेथवर जो उभा राहील त्याला हे लागतील." आणि गेली. गावात बोलणं झालं की बघा, भाऊ पुरून दोन दिवस नाही झाले आणि बाईनं काम पोचतं केलं, काळीज आहे की चकच आहे. मीही त्यात तोंड घातलं. उलट मीच जास्त बोलले.

मग रोझारिओहून तपासणी अधिकारी आला. सगळ्यांचे जबाब घेतले. बारोनीनं सांगितलं, जॉ रेमोनं आपल्या मर्जीनं निवडले. मला विचारलं, फोनवर काय बोलणं झालं? मी म्हणाले, "सोमवारी मिळतील." ओदिलालाही विचारलं असणार, पण तिनं काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी वाट बघत राहिले, की आता मला पुन्हा बोलावतील. कुणी बोलावलं नाही.

वर्षभरात मी तो कारखाना सोडला आणि कामगार संघटनेच्या शाखेत टायपिस्ट झाले. ओदिला रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या बाजूला जायचे. तिचं गिऱ्हाईक आधी तुटलं. ‘बाईच्या हट्टापायी भाऊ गेला’ हे सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि लोक चक रोझारिओला पाठवायला लागले. हळूहळू परत आले, कारण तिथून आलेले चक लवकरच डगडगायचे. पण एक बदल झाला होता. तिनं वर्कशॉपमधला टेलिफोन काढून टाकला होता. जॉ अडवायचा झाला, काही धोका दिसला, की ती ग्राइंडर बंद करायची, सायकल काढायची आणि थेट त्या लेथवर जायची. फोरमनला नाही, मालकाला नाही, जो माणूस लेथ चालवतो त्याला तोंडावर सांगायची, आणि त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्यायची. पोरं तिची नक्कल करायची. "काय सांगितलं मी? बोल!" असं म्हणत दारूच्या गुत्त्यात हसायची. हे ऐकलं की माझे कान तापायचे. तिनं फोन का काढला हे त्या गावात दोनच माणसांना माहीत होतं.

सहा वर्षांनी आमच्या शाखेनं जागा बदलली. जुने कागद फाडायचं काम माझ्याकडे आलं. त्यात रेमोच्या अपघाताची फाईल निघाली, सगळ्यांच्या जबाबांच्या प्रती असलेली. मी ती उभ्या उभ्या वाचली. ओदिलाच्या जबाबात प्रश्न होता: ‘धोक्याची काही सूचना आपण दिली होती का?’ खाली तिचं उत्तर, टाईप केलेलं: ‘नाही. सोमवारी मिळतील, एवढंच सांगितलं.’ आणि तिची सही, जाड, शाळा सोडलेल्या माणसाची.

मी फाईल तिथंच टाकली आणि चालत निघाले. रूळ ओलांडले. शेडचं दार उघडं होतं. ओदिला एका मोठ्या चकासमोर बसली होती. केस सगळे पांढरे झालेले. माझ्याकडे बघून तिनं हातातला पाना खाली ठेवला.

"तुम्ही खोटं सांगितलंत," मी म्हणाले. "अधिकाऱ्याला. तुम्ही निरोप दिला होता. मी पोचवला नाही."

"माहीत आहे मला."

"मला आठवत होता. मुद्दाम नाही सांगितला. तुमचा राग आला होता म्हणून."

हे ती जाणत नव्हती. तिनं पाना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मला वाटलं, आता ती मला हाकलेल. हाकलावं असंच वाटत होतं.

"एवढ्याशा सदऱ्यांवरून," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मूर्ख बाई." ती माझ्याबद्दल बोलली की स्वतःबद्दल, ते कळलं नाही.

"तुम्ही का नाही सांगितलंत कुणाला? मी तुम्हाला चारचौघांत बोलले."

"बोललीस. ते लागलं मला. अजून लागतं." तिनं ॲप्रननं तोंड पुसलं. "पण काय करायचं होतं मी? तुलाही त्या भिंतीत बसवायचं? गावानं तुला जगू दिलं नसतं. आणि त्यानं निवडलेली पोरगी होतीस तू."

मी रडायला लागले. ती उठली नाही, जवळ आली नाही. तशीच बसून म्हणाली, "तुझं सांगून झालं ना? आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

पुरलं त्या शनिवारी घरी आल्यावर तिनं तो तडा गेलेला दोन नंबरचा जॉ हातदाबाच्या प्रेसखाली घातला होता. जेवढा जोर त्याच्यावर लेथमध्ये आला असता तेवढा दिला. मग त्याच्या दीडपट. मग दुप्पट.

"तुटला नाही, ग्लादिस. रेघ तेवढीच राहिली. शुक्रवारी दिला असता तर त्यानं वीसच्या वीस नाभी कातल्या असत्या आणि संध्याकाळी घरी येऊन जेवला असता."

मी म्हणू शकले असते की ते तुम्हाला कसं कळणार होतं. तडा दिसल्यावर कुणीही अडवलाच असता. ती ते सगळं स्वतःला सहा वर्षं सांगत आली होती, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं, आणि त्यानं काही झालं नव्हतं.

"मग अजूनही का अडवता?" मी विचारलं. "परवाच म्हणे कुणाचा तरी अडवलात."

"दुसरं काही येत नाही मला." ती चकाकडे वळली. "तो दिवा जरा पुढे कर."

मी दिवा धरला. अर्धा तास धरला असेल. निघताना ती म्हणाली, "शनिवारी मी पास्ता करते. एकटीचा होत नाही."

त्या शनिवारी मी गेले, आणि त्यानंतरही जात राहिले. आम्ही मैत्रिणी झालो असं म्हणणार नाही. कित्येक शनिवार असे गेले की तिनं माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही, वाढलं आणि निघून गेली. एकदा ऑक्टोबरात तिनं दारातूनच सांगितलं, "आज नको. आज तुझं तोंड बघवत नाही." मी परत फिरले. पुढच्या शनिवारी दार उघडं होतं. मी लग्न केलं नाही. तिनं त्याबद्दल कधी विचारलं नाही, पण एकदा माझ्या पन्नाशीच्या आसपास म्हणाली, "केलं असतंस तर मला बरं वाटलं असतं." मी म्हणाले, "मला माहीत आहे." एवढ्यावर ते बोलणं संपलं.

शेवटी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अर्धं गेलं. चौदा महिने ती अंथरुणाला होती आणि मी तिच्या घरी राहायला गेले. ज्या घरात राहायला नको म्हणून मी भांडले होते त्याच घरात, तिच्या स्वयंपाकघरात मी तिच्यासाठी सूप करत होते. वर्कशॉप रोझारिओच्या एका माणसानं घेतलं. तो यंत्रं न्यायला आला त्या दिवशी तिनं खुणेनं मला खिडकीशी खुर्ची न्यायला लावली. ग्राइंडर ट्रकवर चढवताना एका हमालाचा पाय खाली सापडेल असा पुढे आला होता, तर ही आतून काहीतरी ओरडली. शब्द फुटला नाही. डाव्या हातानं काच बडवत राहिली. हमालानं वर पाहिलं, हात हलवला, त्याला वाटलं म्हातारी निरोप देते आहे. मी बाहेर धावले आणि त्याला म्हणाले, "पाय मागे घे, ती पाय मागे घ्यायला सांगते आहे." त्यानं घेतला. मी परत आत आले तेव्हा ती रडत होती. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. रेमो गेला तेव्हाही नाही.

हिवाळ्यात ती गेली. जिराउदोंच्या कोनाड्यात तीनच जागा होत्या, आई, बाप आणि रेमो. चौथी जागा उरली नव्हती. दफनभूमीच्या कारकुनाला मी खूप विनवलं, पण तो तरी काय करणार? पलीकडच्या नव्या भिंतीत, अनोळखी लोकांमध्ये, वरून दुसऱ्या ओळीत तिला जागा मिळाली. फुलं लावायला शिडी आणावी लागते. माझे गुडघे आता दुखतात, म्हणून रखवालदार चढतो आणि मी खाली शिडी धरून उभी राहते.